तक्ता कुठल्या सालचा?

जून उजाडला की पेपरात एक चौकट यायला लागते. कुठल्या धरणात किती टक्के पाणी. आपण लोकलमध्ये उभ्या उभ्या ती वाचतो, 'बाप रे' किंवा 'चला, सुटलो' म्हणतो आणि पान उलटतो. माझं म्हणणं एवढंच की त्या चौकटीत एक आकडा कायम कमी असतो, आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो.

हा टक्का काढतात कसा? धरणातलं पाणी कुणी बादलीने मोजत नाही. भिंतीजवळच्या पट्टीवर पातळी बघतात. मग एक तक्ता असतो, पातळी अमुक तर साठा तमुक. त्यात बघून आकडा सांगतात. पातळी आज सकाळची असते हो, पण तक्ता? धरणात दर पावसाळ्यात गाळ येतो, तळ वर येतो. तक्ता जुना असेल तर तो पाणी म्हणून जे मोजतो, त्यातला काही भाग चक्क चिखल असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डडिस्कवर बॅड सेक्टर वाढत चाललेत आणि स्क्रीनवर मात्र खोक्यावर छापलेली साईझ दिसतेय.

उजनीचं बघा. धरण १९८० सालचं. एकूण ११७ टीएमसी, त्यातलं ५३.५७ उपयुक्त आणि ६३.६६ मृतसाठा. हे आकडे वर्षानुवर्षं तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे ६० टक्क्यांवर गेलं. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं सुमारे ३२ टीएमसी वापरून झालं होतं. कागदावर खाली अजून ३१ टीएमसीच्या वर शिल्लक. आता सांगा, त्यात पाणी किती आणि गाळ किती? गाळ सगळ्यात जास्त त्रास देतो तो असा तळाशी टेकल्यावरच. सोलापूरसारखं शहर त्याच पाण्यावर तगून असताना हा प्रश्न काही हौशी लोकांचा नाही.

यावर कुणीतरी म्हणेल, उपग्रहावरून करतात की सर्वेक्षण! करतात. नाशिकची 'मेरी' हे काम करते आणि ते उपयोगाचं आहे. पण उपग्रहाला दिसतो पाण्याचा पसारा. वेगवेगळ्या पातळ्यांना पसारा किती, त्यावरून मधला साठा काढतात. पाणी जिथे खाली-वर होतं तेवढ्याच पट्ट्याचा हिशेब लागतो. त्याखाली कायम बुडालेल्या तळाचं काय? उजनीत ४९१.०३ मीटरच्या खाली निम्म्याहून जास्त धरण आहे. ते बघायला पाण्यात आवाजच सोडावा लागतो.

त्यात काही जादू नाही. बोटीखालून आवाजाचा ठोका सोडायचा, तळावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर खोलीचा प्रतिध्वनी १४ मिलिसेकंदांच्या आत हजर. सोबत जीपीएस, की झाला एक बिंदू. बोट ओळीने फिरवा, नकाशा तयार. दोन फ्रीक्वेन्सी वापरल्या तर आणखी मजा: वरची मऊ गाळावरूनच परतते, खालची गाळात शिरून बरेचदा कठीण तळ गाठते. दोघींमधलं अंतर म्हणजे गाळाची जाडी.

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला शिवसागराच्या तळाला खालून बोगदा नेऊन भोक पाडलं. पाण्याखाली खडक नेमका कुठे, त्यावर काय साचलंय, हे कळल्याशिवाय असा सुरुंग कोण लावेल? वीज हवी होती तेव्हा तळ बरोबर सापडला!

आता गाळ उपसण्याबद्दल. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे. योजना चांगलीच आहे, शेतात गाळ पडतो. पण डंपरच्या खेपा मोजणं म्हणजे गाळ मोजणं नव्हे. मुंबईत मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये पोलिसांनी गुन्हा नोंदवला. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण काम सुरू होण्याआधी एक आणि संपल्यावर एक, असे तळाचे दोन नकाशे सगळ्यांसमोर ठेवले तर वादाला जागाच किती उरते?

मी राहतो मोरव्यात. मिरा-भाईंदरला पाणी येतं 'स्टेम' आणि एमआयडीसीकडून, एमआयडीसीचं बारवी धरणातून. भाईंदर पश्चिमेच्या खाडी-मिठागरांच्या पट्ट्यात राहून आमची तहान भागते ती इतक्या लांबच्या तळावर. नळाला दिवसाआड पाणी सोडायचं की रोज, हे तो टक्का बघूनच ठरतं. मग तो टक्का कशावर उभा आहे हे विचारायचा हक्क सोसायटीच्या टाकीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला आहे.

माझी मागणी अगदी स्वस्तातली आहे. प्रत्येक धरणाच्या टक्क्याखाली बारीक अक्षरात एक ओळ छापा: तक्ता अमुक सालच्या सर्वेक्षणाचा. बस. साल जुनं दिसलं की लोक आपोआप विचारतील, आणि लोकांनी विचारलं की बोटी पाण्यात उतरतील. आणि सर्वेक्षण झालं की त्याचे मूळ बिंदू इंटरनेटवर टाका. बाकीचा हिशेब आम्ही शनिवार-रविवारी बसून करू, रिकामेच असतो!

बघा पटतंय का. पटलं तर पुढच्या जूनमध्ये ती चौकट वाचताना 'बाप रे'च्या आधी एकदा विचारा: तक्ता कुठल्या सालचा?