आधी नाव जुळवा, मग कार्ड काढा

जळगाव जामोद किंवा संग्रामपूरकडून दिव्यांग माणसाला बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर अख्खा दिवस जातो. सोबत घरचं एक माणूस लागतं, त्याची मजुरी बुडते. एवढं करून ‘आधारवरचं नाव अर्जाशी जुळत नाही’ एवढ्यावर परत यावं लागलं, की बरीच घरं दुसऱ्यांदा जातच नाहीत. म्हणून या महिन्यात योजनांपेक्षा कागदांविषयीच जास्त लिहिते.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र याच ऑनलाइन पोर्टलवरून मिळतं. घरात जुनं, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर तेही तिथं नोंदवावं लागतं. अर्जाला फी नाही. सेवा केंद्रात भरून घेतलात तर भरण्याचे काय ते पैसे. तपासणी झाली की टक्केवारीप्रमाणे कार्ड येतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. अनुदानासाठी किमान ४० टक्के लागतात. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारूनच घराबाहेर पडा. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दिसणं, ऐकणं, चालणं एवढंच नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजारही त्यात येतात. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आता नावाचं. आपल्याकडे ‘शेख करीम शेख रहीम’ असं नाव असतं. फॉर्मवर मात्र तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भरणारा ‘शेख’ उचलून शेवटी टाकतो. दुसऱ्या कागदावर तो पुढेच राहतो. बायकांचं तर विचारू नका. रेशनकार्डावर ‘रुखसाना बी’, आधारवर ‘रुखसाना परवीन’, बँकेत नवऱ्याच्या नावासह. त्यात इंग्रजीत शेखचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांचं. माणूस एकच, पण संगणकाला ते तीन वेगवेगळे वाटतात. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतं. त्यामुळे हा घोळ आज ना उद्या आडवा येतोच.

म्हणून आधी आधार दुरुस्त करा. एकच स्पेलिंग ठरवा, ते वहीत लिहून ठेवा, आणि त्याच नावाने बँक, रेशनकार्ड, मग यूडीआयडी. फॉर्म भरताना केंद्रवाल्याच्या शेजारी बसा, ‘सबमिट’ करण्याआधी नाव अक्षर अक्षर वाचून घ्या. कार्ड आल्यावर दुरुस्ती करण्यापेक्षा हे सोपं.

कार्ड हाती आलं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना यात महिन्याला २,५०० रुपये आहेत. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. मलकापूर, जळगाव जामोदकडे कितीतरी सुना बुऱ्हाणपूरच्या आहेत. त्यांनी ही अट आधी पाहावी, नाहीतर सगळे कागद गोळा केल्यावर ती कळते. मंजुरीनंतरही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि घरात वाटतं, योजनाच बंद झाली.

याहून अवघड गोष्ट कागदाची नाही. ऐकू न येणाऱ्या किंवा पायाने अधू मुलीचं कार्ड काढायला आई-वडील कचरतात. एकदा नोंद झाली की लोकांना कळेल, तिचं आणि धाकट्या बहिणीचं स्थळ अडेल. मोहल्ल्याला ते आधीच माहीत असतं हो! लपतं ते फक्त सरकारपासून, आणि नुकसान मुलीचं होतं. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. सूरह अबसा त्यांच्याच प्रसंगावर उतरली. ते मदिन्यात अजान देत, आणि प्रेषित (स.) प्रवासाला जाताना मदिन्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. त्यांना कुणी घरात झाकून ठेवलं नव्हतं.

काही घरांत दुसरा संकोच असतो: ‘आम्ही जकात देणारे, सरकारपुढे हात कसा पसरायचा?’ हे अनुदान कायद्याने ठरवलेलं आहे, कुणाच्या खिशातली खैरात नाही. उत्पन्न अटीत बसत असेल तर अर्ज करावा. बसत नसेल तर खोटा दाखला मात्र काढू नये.

टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर तिथं वाद घालत बसू नका. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याच २०१६ च्या कायद्यातल्या कलम ५९ मध्ये आहे. नकार लेखी मागा, कारणासह. आणि ग्रामपंचायतीतही एक चक्कर मारा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के तिने दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतं, बायकासुद्धा.