गिटारच्या भोकासमोर माईक नको

घरी गिटार रेकॉर्ड करायची म्हटली की मुलं हमखास विचारतात, "सर, माईक कोणता घेऊ?" शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो, संगीत नाही. तरी गॅदरिंगच्या निमित्ताने हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. माझं मत असं की माईक कोणता हे नंतर बघू, आधी तो कुठे ठेवतोस ते सांग. द्राक्षांच्या सीझनमध्ये क्रेट उचलून जमवलेले चार-पाच हजार माईकवर घालवायचे आणि तो चुकीच्या जागी ठेवून पुन्हा तोच घुमणारा आवाज काढायचा, याला काय अर्थ आहे?

जवळपास सगळेच माईक गिटारच्या भोकासमोर धरतात. आवाज तिथूनच येतो असं वाटतं ना! पण तार हलते, तिची थरथर ब्रिजवाटे वरच्या लाकडी फळीत उतरते आणि गिटारचा बराचसा आवाज ती फळीच करते. भोकातून आत-बाहेर होते ती पोटातली हवा. माठाच्या तोंडावर फुंकर मारली की तो एकाच सुरात घुमतो, तसंच हे. मोठ्या गिटारमध्ये ही घूम सेकंदाला साधारण 100 कंपनांच्या आसपास असते. भोकासमोरचा माईक तीच आधी पकडतो आणि बोटांचं काम तिच्याखाली दबून जातं.

त्यापेक्षा माईक बाराव्या फ्रेटसमोर ठेवा, वीतभर ते दीड वीत लांब, आणि तोंड जरासं मान जिथे पोटाला जुळते तिकडे वळवा. ही फक्त सुरुवातीची जागा. आवाज पातळ वाटला तर माईक थोडा ब्रिजकडे सरकवा, जड वाटला तर मानेकडे. एका बाजूने ऐकणारे, म्हणजे कार्डिऑइड, माईक फार जवळ नेले की खर्ज आपोआप फुगतो, तेव्हा चिकटवू नका. सगळ्यात चांगली युक्ती फुकट आहे. दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगा, एका कानात बोट घाला आणि दुसरा कान गिटारसमोर हळूहळू फिरवा. जिथे गोड वाटेल तिथे माईक.

फोनवर करत असाल तर त्याचा माईक बहुतेक खालच्या कडेला असतो. ती कड गिटारकडे हवी, स्क्रीन नव्हे. द्राक्षाचं क्रेट उभं करून त्यावर दोन जाड पुस्तकं ठेवली की स्टँड तयार. अॅपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद करता आली तर जरूर करा, नाहीतर दोन झंकारांच्या मधल्या शांततेत पंख्याची घरघर वर येते.

आणि खोली. आपल्याकडे वर पत्रे, खाली फरशी, भिंती उघड्या. गोधडी टांगायचीच तर आधी वाजवणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माईकचं तोंड त्या बाजूला आहे आणि तिथल्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्याच्यात शिरतो. सकाळी बागेत ब्लोअर सुरू असताना रेकॉर्डिंग करूच नये. इशानंतरची वेळ बरी, फ्रिज तेवढा थोडा वेळ बंद करा.

हे काही परदेशी ज्ञान आहे असं समजू नका. 1925 च्या आधी रेकॉर्डिंगला विजेचा माईकच नव्हता, मोठा कर्णा असायचा. गाणारा, सारंगीवाला, तबलजी कर्ण्यापासून किती लांब बसतो यावरच कोणाचा आवाज किती उमटणार हे ठरायचं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्या त्याच काळातल्या. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले आणि तिथेच ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात दफन झाले. त्याच मिरजेत आपल्याच लोकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे आणि सतारी घडवत आली आहेत. या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा कितीही मोठा असो, जवारी लागते ती घोडीवर, हे त्या कारागिरांना कोणी सांगावं लागत नाही. तानपुरा रेकॉर्ड करतानाही माईक घोडी आणि तबलीच्या समोर धरून बघा, फरक कळेल.

वाद्य जायज की नाजायज, हा वाद मला इथे सोडवायचा नाही. ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पण नात पढणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. माईक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरा आणि तो इको कमी करा. त्या इकोत क़ाफ़ आणि काफ़ एकच होऊन जातात, आणि उर्दूच्या शिक्षकाला ते सहन होत नाही.

आज रात्री एवढंच करा. माईक तीन जागी ठेवून तीच दोन ओळींची चाल वाजवा आणि प्रत्येक वेळी आधी तोंडाने बोला : "भोकासमोर", "बारावा फ्रेट", "ब्रिज". लगेच ऐकू नका. सकाळी चहा घेताना इअरफोन लावून ऐका.