फासकीची तार कुणाच्या दुकानातली?



आज पाककृती नाही, पारण्याची तयारीही नाही. आश्विनातल्या ओळीच्या दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगते. आधी वाटलं, घरातलं घरात ठेवावं. पण आपल्यातल्या कितीतरी घरांची दुकानं आहेत आणि दुपारी गल्ल्यावर बसायची वेळ तुमच्यापैकी अनेकींवर येते. म्हणून लिहिते.

आमचं पेणला दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या दिवशी माझं आयंबील होतं. हे जेवायला घरी गेले होते आणि मी दुकानात बसले होते. डोंगराकडच्या गावातला एक तरुण आला.

"शेठाणी, क्लचच्या सहा वायरी द्या."

मी सवयीने विचारलं, "कोणत्या गाडीच्या?"

तो हसला. "गाडी कसली! डुकरांसाठी पायजेत. भात पिकायला लागलाय."

मीही हसले. सहा वायरी मोजून दिल्या, पैसे घेतले, सुटे परत केले. घरी येऊन बिनमिठाची डाळ आणि भात खाल्ला, तपाचं समाधान वाटलं. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि वंदित्तु म्हणताना एका ठिकाणी अडखळले. आपण सगळ्याच ते पाठ म्हणतो. शस्त्र, अग्नी, मुसळ, यंत्र अशी यादी येते आणि पुढे म्हटलं आहे की हे कुणाला दिलं असेल किंवा देववलं असेल, तर त्याचं प्रतिक्रमण. इतकी वर्षं मला वाटायचं, मुसळ आणि यंत्र या जुन्या काळच्या गोष्टी. त्या दिवशी कळलं की त्या यादीत क्लचची वायरही आहे.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या मैत्रिणींना फासकी म्हणजे काय ते माहीत नसेल. वायरीचा सरकता फास करायचा आणि जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर झुडपाच्या बुंध्याला बांधून ठेवायचा. जनावर त्यात शिरलं की जितकं ओढेल तितका फास आवळतो. मान अडकली तर जीव लवकर जातो. पाय किंवा कंबर अडकली तर रात्रभर, कधी त्याहूनही जास्त वेळ ते तिथेच ओढत राहतं. फास लावणारा तेव्हा घरी झोपलेला असतो. आणि फास डुकरासाठी लावला तरी त्या वाटेने भेकर येतं, बिबट्या येतो, गावातलं कुत्रंही येतं. तारेला काय कळणार कोण आलंय ते?

माझं माहेर रोह्याचं. डोंगराच्या पायथ्याशी आमची थोडी भातशेती आहे. ती एक काका अर्धेलीने करतात, मी लहान असल्यापासून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. खरं सांगते, फासकी वाईट आहे असं त्यांच्या तोंडून ऐकून माझ्या मनाला बरं वाटावं, एवढ्यासाठीच केला. त्यांनी भलतंच सांगितलं. दोन रात्री डुकरांचा कळप शेतात उतरला होता. डुकरं खातात त्यापेक्षा लोळून, तुडवून जास्त नासाडी करतात. खालच्या बाजूचा भात आडवा झाला होता. मी म्हटलं, "काका, पण जीव मारणं..." ते म्हणाले, "ताई, तुमचा धरम पोट भरल्यावरचा आहे. मी पावसापास्नं कमरेत वाकलोय. माझं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच शेतातला तांदूळ आमच्या घरी येतो. आयंबिलाचा भातही त्याच तांदळाचा होता.

त्याच सुमारास माझी पुतणी मिशिगनहून बोलत होती. तिकडे 1 ऑक्टोबरला हरणांच्या शिकारीचा बाणांचा हंगाम सुरू होतो. म्हणजे त्या दिवसांत बंदूक चालत नाही, धनुष्यच वापरायचं. तिच्या शेजारच्या दोन आजोबांचं त्यावरून भांडण जुंपलं आहे. कारण आहे क्रॉसबो, म्हणजे आडवं धनुष्य. त्याला बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असतो. दोरी एकदा ताणून अडकवली की ताणलेलीच राहते, मग नेम धरून घोडा दाबायचा. साध्या धनुष्यात दोरी ओढून धरायला दंडात ताकद लागते आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पूर्वी तिथे बाणांच्या हंगामात असं धनुष्य मुख्यतः अपंग शिकाऱ्यांसाठी असायचं, 2009 पासून ते इतरांनाही मोकळं होत गेलं. एक आजोबा म्हणतात, ही लबाडी आहे, याला तिरंदाजी म्हणत नाहीत. दुसरे म्हणतात, माझे खांदे गेले आहेत, आणि नेम अचूक बसला तर हरीण जखमी होऊन तडफडत नाही, मग वाईट काय? पुतणीने मला विचारलं, "काकू, आपल्या धर्माप्रमाणे कोण बरोबर?"

पहिलं उत्तर तुमच्याही ओठावर आलं असेल. दोघंही चूक! शिकार सात व्यसनांपैकी एक, मग हत्यार कोणतं याची चर्चा कशाला? मीही तेच बोलले आणि फोन ठेवला. पण ते उत्तर जरा सोपं होतं. ज्या बाईने नुकत्याच सहा वायरी विकल्या होत्या, तिच्या तोंडी तर फारच सोपं होतं.

हत्याराचा विचार आपल्या आचार्यांनी केलेला आहे, आणि तो त्या दोन आजोबांपेक्षा खोल आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं अनर्थदंड विरमण व्रत. त्याच्या अतिचारांमध्ये संयुक्ताधिकरण येतं. हिंसेची साधनं जोडून, तयार करून ठेवू नयेत, असा त्याचा अर्थ. उखळाबरोबर मुसळ, नांगराबरोबर फाळ आणि धनुष्याबरोबर बाण ही त्याची उदाहरणं देतात. साधन सुटं असलं तर ते जोडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाचं मन बदलू शकतं. जोडून ठेवलेलं साधन मनाला तेवढीही सवड देत नाही. ताणून अडकवलेल्या क्रॉसबोला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. आणि फासकी तर त्याच्याही पुढची. तिथे घोडा दाबायलाही माणूस लागत नाही.

आपल्याकडे रानात काय काय चालत आलं ते पाहा. कातकऱ्यांकडे तीरकमान होती, गलोल होती. गावातल्या पारधीत हाकारे घालून ठासणीच्या बंदुकीने डुक्कर मारत. आता फासक्या आहेत आणि कुठे कुठे आमिषात ठेवलेले गावठी बॉम्बही, जे जनावराच्या जबड्यात फुटतात. तीरकमानवाल्या माणसाला जनावराच्या जवळ जावं लागे, त्याच्याकडे पाहावं लागे, बाण सोडायचा की नाही हे त्या क्षणी ठरवावं लागे. मी त्या शिकारीला चांगली म्हणत नाही. एवढंच म्हणते की मारणारा तिथे हजर असायचा. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलं आहे. लावून विसरून जायचा फास म्हणजे तारेत वळलेला प्रमादच.

एक गोष्ट आपल्या बायकांच्या गप्पांबद्दल बोलायला हवी. शिकारीचा विषय निघाला की आपण लगेच म्हणतो, "ते कातकरी ना, ते काहीही मारून खातात." रोहा आणि मुरुड तालुक्यांत पसरलेलं फणसाडचं जंगल ही जंजिऱ्याच्या नबाबाची राखीव शिकारीची जागा होती. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. नबाबाची शिकार शौकाची होती, तिला आपण इतिहास म्हणतो आणि सहलीला जाऊन कौतुकाने ऐकतो. शेतातले उंदीर खणून पोट भरणाऱ्या माणसाला मात्र नावं ठेवतो. आणि माझ्याकडून वायरी नेणारा तरुण कातकरी नव्हता, चांगला बागायतदाराचा मुलगा होता. हिंसेला जात नसते, पण आपल्या तिरस्काराला असते. तो तिरस्कार हीसुद्धा हिंसाच आहे.

कायद्याचंही सांगते, कारण दुकानदाराला ते माहीत हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फास लावणं, सापळ्यात पकडणं, विष घालणं, एवढंच काय तसा नुसता प्रयत्न करणंही येतं. सुरुवातीला त्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीनंतर शौकाच्या शिकारीचा परवाना हा प्रकारच उरला नाही. रानडुक्कर उभ्या पिकाची नासाडी करत असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, पण ती वाटेल त्याने वाटेल तिथे तार बांधायची मुभा नव्हे.

त्या परवानगीचंही समर्थन मला करता येणार नाही. पण काकांना पापी म्हणणंही मला जमणार नाही. स्वतःचं अन्न वाचवायला उठलेला हात आणि मजेसाठी उठलेला हात आपल्या धर्माने एका मापाने मोजलेला नाही. मुद्दा आपल्या हाताचा आहे. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, असे तीन भाग आपणच शिकवतो. मी वायर दिली तेव्हा करवलं. हसले तेव्हा अनुमोदन दिलं. नेमकुमारांची कथा आठवा. वरातीच्या वाटेवर कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून त्यांनी विचारलं, ही कुणासाठी? उत्तर आलं, तुमच्या लग्नाच्या जेवणासाठी. त्यांनी सुरी हातात धरली नव्हती, तरी "माझा काय संबंध" असं ते म्हणाले नाहीत. रथ परत फिरवला.

घरी हे सगळं बोलले तेव्हा ह्यांनी विचारलं, "मग उद्या कोयता, दोरी, सुरीपण विकू नये का कुणी? आणि आपण नाही दिली तर पुढचा दुकानदार देईल." प्रश्न रास्त आहे. कोयत्याने गवतही कापतात, आणि घेणाऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पण इथे त्याने मला तोंडाने सांगितलं होतं. कळल्यावर दिलेली वस्तू आणि न कळता दिलेली वस्तू एकच नाही. पुढचा दुकानदार देईलही. त्याचा हिशोब त्याच्याकडे, माझा माझ्याकडे. कांदे-बटाटे पुढच्या घरात शिजतात म्हणून आपण आपल्या घरी शिजवतो का?

दोन दिवस अबोला झाला, मग नियम ठरला. आमच्या दुकानात क्लचची आणि ब्रेकची वायर सुटी मिळणार नाही. गाडी आणा, बसवून देतो, जुनी वायर इथेच ठेवा. ओळखीच्या मेकॅनिकला लागेल तशी देऊ, तीही जुनी परत घेऊन. धंदा थोडा कमी होईल. होऊ दे.

पण एवढ्यावर थांबले असते तर काकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. वायर न देऊन माझा धर्म राखला जातो, त्यांचा भात राखला जात नाही. डुकराने पीक खाल्लं तर वन विभागाकडे नुकसानभरपाई मागता येते. लगेच कळवावं लागतं, फोटो लागतात, पंचनामा होतो, सातबारा जोडावा लागतो. आणि सातबारा आमच्या नावावर आहे! नुकसान त्यांचं, कागद आमचा. इतकी वर्षं एकदाही आमच्या घरातून कुणी अर्ज केला नव्हता. या वेळी माझा भाऊ स्वतः गेला. मिळेल ते सगळं काकांचं, आणि यंदाचा आमचा अर्धा वाटाही घ्यायचा नाही, असं आम्ही बहीणभावांनी ठरवलं. पुढच्या हंगामासाठी सौर कुंपणाची चौकशी चालू आहे. त्यात विजेचा झटका थांबून थांबून बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं वेगळं, त्याने जनावरंही मरतात आणि माणसंही. तो विचारही कुणी करू नये.

आपण जीवदयेला दरवर्षी पैसे देतो, पांजरपोळीची पावती फाडतो. देत राहूच. पण ज्यांची शेतं दुसरे कसतात त्या मैत्रिणींनो, रात्री माळ्यावर राखणीला कोण बसतं, ते एकदा विचारा. ज्यांची दुकानं आहेत त्यांनी आपल्या फळ्यांवर काय काय आहे ते पाहा, आणि गिऱ्हाईक कशासाठी नेतं ते सांगत असेल तर ऐका.

पुतणीला मी परत फोन केला. म्हटलं, "त्या आजोबांचं भांडण ऐकून मी हसले, ते चुकलं. हत्याराने फरक पडतो. पण त्याआधी विचारायचं की ते हातात कुणी दिलं."

त्या तरुणाला मी शोधते आहे. तो परत दुकानात आलेला नाही. वायरी परत आणल्यास तर दुप्पट पैसे देईन, असं त्याच्या गावच्या दोघांकडे निरोप ठेवला आहे. आज भात कापून झाले, शेतं मोकळी झाली, पण लावलेले फास कुणी आठवणीने सोडवतं असं नाही. त्या सहा तारा कुठल्या वाटेवर आहेत ते मला माहीत नाही. रोज संध्याकाळी वंदित्तुतल्या त्या जागी आले की मी थांबते, आणि मगच पुढे म्हणते.

मिच्छामि दुक्कडम्.