कुत्रा लंगडतोय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका!

कर्जत तालुक्यातील कशेळे परिसरात फार्महाऊस वाढले, तसे तिथे राखणीला ठेवलेले लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डही वाढले. मालक शनिवारी येतो. गाडीचा आवाज ऐकताच कुत्रा फाटकाकडे धावतो आणि मालकाला वाटतं, सगळं ठीक आहे. सोमवारी सकाळी तोच कुत्रा उठताना अडखळतो, मागचा पाय ओढतो. हे फक्त केअरटेकरला दिसतं. पण त्याला कुणी विचारत नाही.

नेमकं काय होतं?

सांध्यातील कूर्चा झिजते, सूज येते, हालचाल दुखरी होते. हाच ऑस्टिओआर्थ्रायटिस. मोठ्या जातींत आनुवंशिकतेमुळे खुब्याचा सांधा सैल राहू शकतो, त्यामुळे तरुण कुत्र्यालाही हा त्रास होतो. पायरी किंवा गाडी चढणं टाळणं, एकच सांधा चाटत राहणं ही लक्षणं. मांजर बऱ्याचदा लंगडत नाही, फक्त उंच उडी मारणं सोडतं.

निदान कसं होतं?

डॉक्टर चाल पाहतात, सांधे हाताने तपासतात, एक्स-रे काढतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे सुजू शकतात, म्हणून रक्ततपासणीही लागते. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो. त्यामुळे सकाळी उठतानाचा मोबाइल व्हिडिओ डॉक्टरांच्या खूप कामाचा ठरतो.

उपचार काय?

झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, पण वेदना कमी करता येतात. पहिला उपाय वजन घटवणं. पाहुण्यांच्या ताटातलं उरलेलं खायला घालणं बंद. रोज थोडं चालवणं, घसरत्या लादीवर चटई आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक. ते दीर्घकाळ चालणार असेल, तर मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी हवी. काहींना शस्त्रक्रिया लागते.

घरातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. गिधाडांच्या मृत्यूंमुळे डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे.

मग अडतं कुठे?

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण कर्जत ते सीएसएमटी हे अंतर रेल्वेने १०० किलोमीटर. खुबा दुखणाऱ्या मोठ्या कुत्र्याला एका एक्स-रेसाठी मुंबईपर्यंत नेणं ही त्याला शिक्षाच. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रेची सोय हवीच. बैल, गायी आणि शेळ्यांनाही तिचा उपयोग होईल.

ती होईपर्यंत मालकाने एवढं तरी करावं. केअरटेकरला दर सोमवारी एक फोन करावा, ‘सकाळी कसा उठला?’ असं विचारावं आणि उत्तर ऐकून डॉक्टर गाठावा. राखणीला प्राणी ठेवला, तर त्याची राखण कुणी करायची, हेही ठरवायला हवं.