घर पाहावे आषाढात

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी घर बांधावे लागे. आता ते बांधलेले, रंगवलेले आणि जाहिरातीत छापलेले असते. आपण नुसते पाहायला जायचे. पण हे पाहणेच बांधण्याहून अवघड होऊन बसले आहे, असे माझे मत आहे. दिवाळीच्या दिवसांत कोणतेही वर्तमानपत्र उघडा. शेलू, नेरळ, कर्जत, खोपोली, खालापूर ही नावे पानापानावर दिसतील. मागे हिरवागार डोंगर, पुढे निळे पाणी, मध्ये हसरे चौकोनी कुटुंब, आणि अगदी खाली, चष्म्यालाही न पेलणाऱ्या अक्षरांत, हे चित्र काल्पनिक असल्याचा खुलासा! डोंबिवली-ठाण्याकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला ते चित्र पाहून मोह पडला नाही तरच नवल.

असा मोह माझ्या पुतण्याला पडला. तो मुंबईत कोटात नोकरीला, बायको घरी शिकवण्या घेते, दोन मुले, एक दहा वर्षांचा व एक चारांची, आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आई, ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार, दर करारागणिक भाडे वर. "काका, तिकडे एवढ्याच पैशांत तीन खोल्या येतात, मुलांना अंगण मिळेल," असे तो म्हणाला, आणि मी निवृत्त व रिकामा असल्याने घरे पाहण्याच्या कामी माझी नेमणूक झाली. डिसेंबरपासून जुलैपर्यंत आम्ही चार फेऱ्या केल्या. त्यात जे दिसले ते अशाच विचारात असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आधी गाडीचे बोलू, कारण या दोन तालुक्यांचे सारे नशीब गाडीने ठरवले आहे. आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे बोरघाट, पुण्याला जाणारी मंडळी खोपोलीला उतरून पालखीतून नाहीतर पायी खंडाळ्याला चढत. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले, मुख्य वाट कर्जत-पळसदरीवरून वर वळली आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा फरक घर घेणाऱ्याला आजही मोजावा लागतो. शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत ही स्थानके मुख्य मार्गावर आहेत, तिथे लोकल बऱ्या संख्येने येतात. पळसदरीच्या पुढे केळवली, डोलवली, लौजी, खोपोली हा फाटा एकेरी मार्गाचा. एक गाडी चुकली की पुढचीची वाट पाहता पाहता एखादी कादंबरी संपेल. याचा अर्थ खोपोली वाईट असा मुळीच नव्हे. ज्यांची नोकरी खोपोलीच्याच कारखान्यांत किंवा रसायनी-पाताळगंगेकडे आहे, त्यांना तिच्यासारखे सोयीचे गाव नाही. पण कोटात जाणाऱ्याने तिथे घर घेणे म्हणजे पंढरपूरच्या बडव्याने काशीला बिऱ्हाड करण्यासारखे आहे.

कर्जतहून बरेच लोकल सुटतात, त्यामुळे पहाटे उठणाऱ्याला बसायला जागा मिळते. नेरळला तीच गाडी येईतो पुष्कळशी भरलेली असते. बसून जाणे आणि उभ्याने जाणे यांतला फरक मी इथे समजावून सांगत बसत नाही. डोंबिवलीकर वाचक तो जाणतात. मात्र बसून गेले तरी मुंबईपर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटर काही कमी होत नाहीत. दोन तास जायला, दोन यायला, स्थानकापासून घराचा रिक्षाचा अर्धा तास धरा. पुतण्याच्या बायकोने वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला : रोजचे साडेचार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ११२ तास. जवळजवळ पाच दिवस आणि पाच रात्री! वही त्याच्यापुढे सरकवून ती म्हणाली, "मुलांना अंगण मिळेल हो, पण त्या अंगणात बाप कधी दिसणार?" घर पाहताना मुलांचे नाव सर्वजण घेतात, असा प्रश्न मात्र एकालाही सुचला नव्हता.

दलाल यावर हमखास एकच उत्तर देतो : नवा मार्ग होतोय ना! पनवेल-कर्जत दुहेरी उपनगरी मार्ग हा खरा प्रकल्प आहे. लांबी सुमारे तीस किलोमीटर, वाटेत चिखले, मोहपे, चौक ही स्थानके, आणि वावर्ले येथे अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला तेव्हा तर चौक-खालापूरकडच्या दलालांना दिवाळी-दसरा एकदमच आला. अशा मार्गांनी प्रदेश बदलतो हे मला मान्य आहे. पण माझा नियम साधा आहे. ज्या दिवशी खरेदीखतावर सही करायची, त्या दिवशी ज्या गाड्या धावत असतील तेवढ्यांचाच पैसा द्यावा. न धावणाऱ्या गाडीचे भाडे आपण आजच का भरावे?

आता पाण्याचे. डिसेंबरात आम्ही दहिवलीच्या बाजूला एक जागा पाहिली. खिडकीखाली उल्हास नदी, गुडघाभर पाण्यात बगळे उभे, वहिनीसुद्धा गुडघे विसरून खिडकीशी उभ्या राहिल्या. नदीकाठचा म्हणून दर चौरस फुटाला जास्त होता. जुलैत पुन्हा गेलो तेव्हा तीच नदी तांबडी होऊन धावत होती, आणि बगळ्यांची जागा एका वाहून आलेल्या ओंडक्याने घेतली होती. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो, आणि घाटमाथ्यावरचे पाणीही याच खोऱ्यात उतरते. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कर्जतच्या सखल भागांत पाणी शिरले होते. २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. म्हणजे घर कोरडे राहिले तरी घराकडची वाट कोरडी राहील असे नाही.

पुराची रेषा कुठवर येते हे दलालाला विचारू नये, नकाशालाही एकट्याने विचारू नये. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. त्याची साखरेची पोती भिजलेली असतात. तो विसरत नाही. आम्हाला एकाने भिंतीवर बोट ठेवून दाखवले. ते बोट माझ्या छातीच्या उंचीवर होते.

गंमत अशी की पावसात बुडणारा हाच तालुका मे महिन्यात हंडे घेऊन उभा असतो. टाटांचे भिवपुरीचे वीजघर १९२२ पासून चालू आहे. तिथून सुटणारे पाणी पेज नदीतून राजनाला कालव्याला मिळते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही काही शेतांत हिरवा भात डोलताना दिसतो. शहरातून आलेला माणूस ते पाहून म्हणतो, "वा, इथे पाण्याला तोटा नाही!" पण कालवा शेतात जातो, आपल्या तिसऱ्या मजल्यावर नव्हे. डोंगराकडच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि नव्या वसाहतींपैकी कित्येकींचा सारा भरवसा एका कूपनलिकेवर असतो. तेव्हा मे महिन्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे तिथे राहणाऱ्या गृहिणीलाच विचारावे. यजमानांना ठाऊक नसते.

डोंगराविषयी लिहिताना मात्र हात जड होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ती ठाकरांची वाडी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली, जागा निवडण्याची चैन त्यांना कधी मिळालीच नव्हती. आपल्याला ती मिळते, आणि आपण डोंगर उभा कापून केलेल्या सपाटीवर 'देखाव्या'साठी जादा पैसे मोजतो! वाचलेल्या कुटुंबांसाठी सरकारने चौकजवळ सपाट जागी घरे बांधून दिली. मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा आमच्या दलालानेच गाडीतून ती वसाहत दाखवली, आणि पुढच्या वळणावर डोंगराच्या उतारावरचा एक प्लॉट दाखवायला उतरला. आम्ही उतरलो नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी वकील असतो आणि त्याची फी चुकवू नये. शेतजमीन १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून घेता येत नाही. तेव्हा 'फार्महाऊसचा प्लॉट' म्हणजे नेमके काय, हे सातबारा पाहून ठरवावे. या तालुक्यांत ठाकर-कातकऱ्यांच्या जमिनी पुष्कळ. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावावर व्हायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तिच्यावाचून झालेला व्यवहार पुढे उलटतो. माथेरान व भोवतालचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. नेरळकडे डोंगरालगत बांधायचे तर ती हद्द तपासावी. मोठ्या इमारतीचा महारेरा क्रमांक मागून घ्यावा. ताब्याची कबूल केलेली तारीख त्यावरून आपल्याला घरबसल्या कळते.

एक परीक्षा मात्र कोणताही वकील सांगणार नाही. घर रविवारी पाहू नका. रविवारी सगळ्या वसाहती गजबजलेल्या असतात, पोहण्याच्या हौदावर मुले, गच्चीवर पाहुणे. बुधवारी रात्री आठ वाजता जा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. कर्जतपासून सहा किलोमीटरांवरच्या एका देखण्या वसाहतीत आम्ही मोजले : बावीस घरांपैकी चार. बाकीच्यांचे मालक मुंबईचे, शनिवारी संध्याकाळी येणारे. पुतण्याची धाकटी त्या सुंदर बागेत झोपाळ्यावर पंधरा मिनिटे एकटीच बसली आणि म्हणाली, "इथली मुलं कुठे आहेत?" पहारेकऱ्यालाही उत्तर देता आले नाही. दिवसभर त्या जागेत राहणार कोण? पुतण्या नव्हे. वहिनी, सून आणि मुले. रात्री वहिनींच्या छातीत कळ आली तर दार कोणाचे वाजवायचे, डॉक्टर किती अंतरावर, मोठ्या इस्पितळासाठी पनवेलकडे पळायचे की कल्याणकडे, हे प्रश्न ज्यांचे, त्यांचेच मत आधी घ्यायला हवे. आपल्याकडे ते शेवटी घेतात, तेही पडद्याच्या रंगापुरते.

सुनेने शेवटी स्वतःच निकाल दिला. विकत काही घ्यायचे नाही. आधी अकरा महिने भाड्याने राहायचे. कर्जत स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, उंच जागी, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर तीन खोल्या मिळाल्या. इमारतीला ना हौद ना बाग, रंग उडालेला. पण संध्याकाळी जिन्यात सात-आठ सायकली असतात, आणि वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. पुतण्याने कल्याणच्या शाखेत बदली मागितली. बढती एक वर्ष लांबली, पण गाडी तासाभरात पोहोचवते आणि तो मुलांबरोबर जेवतो. ही बदली मिळाली नसती तर मी त्यांना डोंबिवलीतच राहा असे सांगितले असते. रोज कोटात जाणाऱ्याला माझे आजही हेच सांगणे आहे, मग पानभर जाहिरात काही का म्हणेना.

वहिनींनी पहिला महिनाभर कर्जतला नावे ठेवली. देऊळ लांब, मच्छर फार, ओळखीचे कोणी नाही. मग आषाढ लागला. बाजारात ठाकरणी टोपल्या घेऊन बसू लागल्या : टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळे. पन्नास वर्षांपूर्वी माहेरी खाल्लेल्या भाज्या पाहून वहिनी तिथेच बसल्या. "भाऊजी," त्यांनी फोनवर मला सांगितले, "शेवळ्याला काकडं लागतात, नाहीतर घसा खवखवतो, हे तिनं मला शिकवलं नाही, मी तिला सांगितलं!" सुनेने खिडकीबाहेरच्या भिंतीवर खडूने पाण्याची खूण करायला सुरुवात केली आहे. यंदा ओसरीच्या खालीच राहिले. पुढचा आषाढही पाहू आणि मग खरेदीचे बोलू, असे तिने पुतण्याला बजावले आहे. दलालाचा फोन दर आठवड्याला येतोच.