गाव कुठलं, म्हणालीस?

आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी 'फन फ्रायडे' असतो. फन कमी, एचआर जास्त! या वेळचा फंडा असा होता, की प्रत्येकाने उभं राहायचं, आपलं गाव सांगायचं आणि त्या गावच्या एका फेमस व्यक्तीवर दोन मिनिटं बोलायचं. सोप्पं. कोल्हापूरवाल्याने शाहू महाराजांपासून सुरुवात केली, त्याची दोन मिनिटं आठ मिनिटांनंतरही संपेनात. नाशिकवालीने एका दमात कुसुमाग्रज आणि दादासाहेब फाळके उरकले. मग माझा नंबर आला.

'पुणे,' मी म्हणाले. आणि पु. लं.वर बोलले.

'पण पुलंचा जन्म मुंबईचा ना?' मागून एक अस्सल सदाशिव पेठी आवाज आला. सगळे हसले. मीही हसले. पण आतून जाम खजील झाले होते, कारण लोचा पुलंचा नव्हताच. लोचा माझा होता. मी पुण्याची नाही हो! मी शेवगावची.

कुठलं शेवगाव? बघा, तुम्हीही तेच विचारलंत! तर शेवगाव हा जुन्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला एक तालुका. कापूस, ऊस, उत्तरेला जायकवाडीचं पाणी, पलीकडे पैठण. रेल्वे नाही. मॉल नाही. एसटी स्टँड मात्र आहे आणि माझे पप्पा तिथल्याच आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. पुण्यात कोणी गाव विचारलं की मी आधी 'नगर' म्हणायचे. समोरचा विचारायचा, 'म्हणजे शिर्डी ना?' मी म्हणायचे, 'हो, त्याच साइडला.' दोन-चार वर्षांत त्याचं सरळ 'पुणे' कधी झालं, ते माझं मलाच कळलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला आवडत नाही. दिवाळीनंतर पप्पा माझ्या फ्लॅटवर आले होते. हातात पिशवी, पिशवीत बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी प्रेमाने विचारलं, 'कुठून आलात?' पप्पा म्हणाले, 'शेवगाव.' आणि माझ्या तोंडातून लगेच निघालं, 'शिर्डीजवळ आहे, काकू.' पप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना तेवढं म्हणाले, 'शिर्डी कुठं आन् शेवगाव कुठं! मधी नेवासा, श्रीरामपूर दोन तालुके पडत्यात.' तीस वर्षं ज्या माणसाने स्टॉपचं नाव चुकू दिलं नाही, त्याच्या पोरीने त्याच्यासमोरच चुकीचा स्टॉप पुकारला होता.

तर या फन फ्रायडेनंतर शनिवारी सकाळी मी वाकडेवाडीहून शेवगावची एसटी पकडली. पाच-एक तासांचा प्रवास. हेडफोनची बॅटरी घोडनदीच्या आधीच गेली. मग म्हटलं, चला, यादीच करू. आपल्या नगरचे फेमस लोक! पाहू तरी कोल्हापूरवाल्याला टक्कर देता येते का.

बॉस, यादी थांबेना!

आधी क्रिकेट, म्हणजे ऑफिसात पटकन भाव मिळतो. झहीर खान श्रीरामपूरचा. 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये 21 विकेट घेणारा आपला झॅक. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. विराट मायदेशी परतल्यावर 2020 च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला शतक ठोकून टीमला उभं करणारा तोच. दोघं आमचेच. (अजिंक्य वाढला डोंबिवलीत, पण ते कोल्हापूरवाल्याला कशाला सांगा?)

नगरच्या माळीवाडा स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. किल्ला तिथून फार लांब नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना इंग्रजांनी याच किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, पंत, कृपलानी… एवढी मोठी टीम एकाच ठिकाणी! नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच 1944 मध्ये लिहिलं. आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथेच लिहिली. ती पोस्टात टाकायची सोय नव्हती. 1943 मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते या भिंतींच्या आतच होते. आम्ही शाळेच्या सहलीला किल्ल्यात गेलो होतो, तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या बटाट्याच्या भाजीवर होतं. आता वाईट वाटतं.

आणि गंमत बघा. देशभरचे नेते पकडून नगरात आणले, पण नगरचा एक पठ्ठ्या इंग्रजांना सापडत नव्हता. अच्युतराव पटवर्धन, जन्म 1905, गाव अहमदनगर. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि सातारच्या प्रतिसरकारच्या मागे उभे राहिले. म्हणजे बाहेरचे सगळे आमच्या गावात कैद आणि आमचा गावकरी बाहेर मोकळा! स्वातंत्र्यानंतर याच माणसाने राजकारण सोडलं आणि जे. कृष्णमूर्तींच्या विचारांकडे वळला. मंत्रिपदाच्या रांगेत उभं राहायचं सोडून! अशा माणसावर दोन मिनिटं बोलायचं म्हणजे अन्यायच.

आता माझा सगळ्यात फेव्हरिट किस्सा. 1918 चा एप्रिल. 16 तारखेला नगरमध्ये एका आयरिश वंशाच्या लष्करी माणसाच्या घरी मुलगा झाला. नऊ दिवसांनी, 25 तारखेला, त्याच गावात एका मराठी ख्रिस्ती घरात दुसरा मुलगा झाला. पहिला स्पाइक मिलिगन. मोठा होऊन बीबीसीवर 'द गून शो' लिहिणारा. ब्रिटिश कॉमेडीची पुढची अख्खी पिढी त्याला गुरू मानते. दुसरा शाहू मोडक. मराठी-हिंदी पडद्यावर किती वेळा कृष्ण झाला, त्याची गणतीच नाही. शिवाय 'प्रभात'च्या 'माणूस'मधला हवालदार गणपत, आणि 1940 च्या 'संत ज्ञानेश्वर'मधले ज्ञानेश्वरही तोच.

यातलं ज्ञानेश्वरांचं मला भारी वाटतं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशात, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यात. आणि सिनेमात ज्ञानेश्वर कोण झाला? नगरचाच ख्रिस्ती मुलगा. घराघरात लोकांनी त्याच्या रूपातला कृष्ण मनात जपला. कोणी त्याला गाव विचारलं नाही, धर्मही नाही.

मिलिगनचं मात्र उलटं झालं. लहानपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, नंतर कुटुंब इंग्लंडला आलं. महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात लढला. आणि पुढे साठच्या दशकात कायदा बदलल्यावर हा जन्माने, बापाने आपला धरायचा की नाही, यावर त्याच्या ब्रिटिश पासपोर्टचा घोळ झाला. मिलिगन वैतागला आणि त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. जन्म नगरचा, नाव इंग्लंडमध्ये, पासपोर्ट आयर्लंडचा. 2002 मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरलंय, 'मी सांगत होतो ना, माझी तब्येत बरी नाही!' हा ह्यूमर शंभर टक्के नगरी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

गाडी सुटली. पाथर्डी रस्त्याला लागलं की डोंगरावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. 'चांदबीबीचा महाल'. गाडीतल्या एका आजीने नातवाला तेच सांगितलं. खरं म्हणजे ती सलाबतखानाची कबर आहे, निजामशाहीतल्या एका मंत्र्याची. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. ती लढली खाली किल्ल्यात. अकबराच्या फौजेने 1595 मध्ये वेढा घातला, तेव्हा तिने किल्ला राखला. पुढे दुसऱ्या वेढ्यात, 1600 मध्ये, ती मुघलांना फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. मला वाटतं, लोकांनी नंतर तिला तो महाल देऊन टाकला, ते बरंच झालं. सलाबतखानाची हरकत नसावी.

करंजीचा घाट, मग तिसगाव. आणि तिसगावनंतर तो स्टॉप, ज्यावर लहानपणापासून माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. कंडक्टर ओरडला, 'अमरापूर! अमरापूर उतरा!'

थांबा, थांबा. अमरापूर?

गणेशकुमार नावाचा नगरचा एक मुलगा. जन्म 1950. नाटकाचं वेड. पुढे तो सदाशिव अमरापूरकर झाला. 1983 चा 'अर्धसत्य' आठवतोय? तो थंड डोळ्यांचा रामा शेट्टी? त्याला फिल्मफेअर मिळालं. मग 'सडक'मधली महारानी. खलनायकासाठी फिल्मफेअरने वेगळा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा याच रोलसाठी, याच माणसाला. आणि अख्ख्या देशाच्या पोस्टरवर जे नाव झळकलं, त्यात होतं शेवगाव तालुक्यातलं अमरापूर! बॉलिवूडमध्ये लोक आडनाव उडवतात, गुळगुळीत करून घेतात. याने पाच अक्षरांचं गावचं नाव मिरवलं. मुंबईतल्या किती जणांना ते धड उच्चारता आलं असेल, देव जाणे. मी इकडे दोन शब्दांत 'शिर्डीजवळ' म्हणून सुटत होते.

घरी पोचले. पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी चहा घेता घेता यादी वाचून दाखवली. त्यांनी मधेच थांबवलं.

'बाळासाहेब भारदे कुठंयत?'

मला फक्त शाळेचं नाव आठवत होतं. पप्पांनी मग माझा क्लासच घेतला. भारदे आमच्या शेवगावचे. 1962 ते 72, सलग दहा वर्षं महाराष्ट्राच्या विधानसभेचे अध्यक्ष. गांधीवादी, वारकरी विचारांचे. 2001 मध्ये पद्मभूषण. 'आपल्या शाळेवरची पाटी रोज वाचायचीस ना गं?' पप्पांनी विचारलं. रोज वाचायचे. वाचून काय होतं!

मग त्यांनी यादी पुन्हा ऐकली आणि विचारलं, 'यातलं गावात राहिलं कोण?'

मी बोट फिरवत गेले. मिलिगन गेला. मोडक गेला. झॅक, अजिंक्य गेले. आणि आता ज्यांच्या नावाने जिल्हा आहे, त्या अहिल्याबाई? 1725 चा जन्म, जामखेड तालुक्यातलं चौंडी. लग्न होऊन लहानपणीच होळकरांच्या घरी गेल्या आणि कारभार केला तो नर्मदेकाठी, महेश्वरहून. 2023 मध्ये नव्या नावाची घोषणा झाली, 2024 मध्ये ते लागू झालं. त्यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जी भांडणं झाली, ती इथे नको. पण सासरी गेलेल्या लेकीचं नाव माहेराला लागलं, हे आमच्या आईला फार आवडलंय.

'राहिलेले पण आहेत,' मी जरा चिडूनच म्हणाले. 'राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यात कोंभाळण्याला गावरान बियाणं जपतात. पोपटराव पवार, हिवरे बाजार. एमकॉम होऊन गावी आले आणि सरपंच झाले. दोघांनाही 2020 ची पद्मश्री. अण्णा हजारे आर्मीतून परत राळेगणलाच आले. आणि जामखेडचे आरोळे पती-पत्नी! डॉक्टर होऊन अमेरिकेत शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन बसले. गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. 1979 चं मॅगसेसे.'

'म्या कुठं म्हन्लो जाऊ नये म्हणून?' पप्पा म्हणाले. 'माझं आयुष्य लोकांना सोडण्यात गेलं. जायचंच असतं. तू तिथं गाव काय सांगितलंस, ते सांग.'

मी सांगितलं. पुणे, पुलं, सगळं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पेपरची घडी घातली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'अमरापूरकर गेले तवा अंत्यविधी नगरला झाला. लई गर्दी होती. 2014 सालची गोष्ट.' आणि उठून बैलासारखा आवाज करणाऱ्या आमच्या मोटारीकडे गेले, पाणी सोडायला.

सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर फन फ्रायडेचे फोटो आले. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव आणि गाव. माझ्या खाली 'पुणे'. मी पाच मिनिटं टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी एवढंच टाकलं : 'करेक्शन. गाव शेवगाव. सदाशिव अमरापूरकरांच्या अमरापूरचा तालुका. शिर्डीपासून लांब आहे.'

कोल्हापूरवाल्याने अंगठा दिला. एचआरने हार्ट दिलं. दुपारी जेवणाच्या वेळी अकाउंट्समधल्या एका शांत मुलाचा मला पर्सनल मेसेज आला. तो त्या शुक्रवारी अजिंठा-वेरूळवर बोलला होता.

'मॅडम, कोणाला सांगू नका. मी पाथर्डीचा. मी संभाजीनगर सांगितलं होतं.'