विश्लेषण : कुत्र्याला शिस्त लावायला छडी का लागत नाही?

‘कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच’ आणि ‘माराच्या पुढे भूत पळते’ या दोन म्हणी घरात कुत्रा आला की हमखास ऐकू येतात. पहिलीचा अर्थ, त्याला काही शिकवता येत नाही. दुसरीचा अर्थ, शिकवायचेच असेल तर चौदावे रत्न दाखवा. प्राण्यांच्या वर्तनाचा शतकभराचा अभ्यास मात्र दोन्ही म्हणींच्या विरोधात जातो. कुत्रा शिकतो, आयुष्यभर शिकतो आणि मार न खाता अधिक चांगला शिकतो. हे समजून न घेतल्याची किंमत अखेर कुत्राच मोजतो. कधी गच्चीत साखळीला बांधून, कधी कोणाच्या तरी शेतावर ‘सोडून’, तर कधी थेट रस्त्यावर.

सकारात्मक प्रशिक्षण म्हणजे नेमके काय?

ज्या कृतीनंतर काही चांगले घडते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे तत्त्व अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांवरील प्रयोगांतून मांडले. बी. एफ. स्किनर यांनी ते पुढे नेले. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात ते प्रयोगशाळेबाहेर काढून प्रत्यक्ष प्राणी शिकवण्याच्या व्यवसायात वापरले. डॉल्फिनला शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४च्या पुस्तकाने ते सामान्य श्वानप्रेमींपर्यंत पोहोचले. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा अडकवता येत नाही आणि त्याला मारायला गेले तर तो पाण्यात निघून जातो. त्यामुळे बक्षिसाशिवाय तिथे दुसरा मार्गच नव्हता.

घरातले रूप अगदी साधे आहे. खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकापासून हळूच डोक्याच्या वर न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकते. टेकताक्षणी ‘छान!’ म्हणायचे आणि तुकडा द्यायचा. पाच-सात वेळा हे जमले की त्याला ‘बस’ हा शब्द जोडायचा. यातली मुख्य गोष्ट वेळेची आहे. शाबासकी एक-दोन सेकंदांत मिळाली तरच कुत्रा ती त्या कृतीशी जोडतो. उशिरा दिलेला खाऊ म्हणजे नुसताच खाऊ.

मारले की कुत्रा ऐकतो. मग हरकत काय?

मारले की कुत्रा थांबतो हे खरे आहे, पण थांबणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माराने काय करू नये एवढेच कळते, काय करावे ते कळत नाही. शिवाय कुत्रा मार कशाशी जोडेल हे मारणाऱ्याच्या हातात नसते. लहान मुलाकडे पाहून गुरगुरला म्हणून फटका बसला, तर ‘गुरगुरू नये’ याऐवजी ‘हे मूल जवळ आले की दुखते’ असा धडा तो घेऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे तो गुरगुरणेच सोडून देतो. गुरगुरणे ही चाव्याआधीची सूचना असते. सूचना बंद झाली आणि भीती तशीच राहिली, की ‘काही न करता एकदम चावला’ अशी बातमी तयार होते.

पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२०मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये तणावाच्या खुणा अधिक आढळल्या आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही अधिक वाढलेले दिसले. ‘अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर’ या पशुवैद्यक संघटनेने २०२१मध्ये स्पष्ट भूमिका घेतली : बक्षिसावर आधारित पद्धतच वापरावी, अगदी आक्रमक कुत्र्यांसाठीही. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१०पासूनच बंदी आहे. आपल्याकडे असे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात.

‘पण चूक केली की त्याला कळते, तोंड पाडून बसतो,’ हा नेहमीचा दावा. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९मध्ये तो तपासला. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेसाठी ओरडा खाणाऱ्या कुत्र्याला चप्पल आठवत नसते. समोरचा माणूस चिडला आहे, एवढेच त्याला दिसत असते.

‘मालक कोण ते दाखवा’ हा सल्ला आला कुठून?

लांडग्यांकडून, तोही चुकीच्या लांडग्यांकडून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये बंदिवासातील लांडग्यांची निरीक्षणे मांडली. एकमेकांना अनोळखी, एकत्र कोंडलेले ते प्राणी वर्चस्वासाठी भांडत होते. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा’ ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे मोकळ्या रानातील लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर याच मेक यांनी १९९९मध्ये लिहिले, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंबच. लांडग्यांच्या अभ्यासकांनी मागे टाकलेली ही कल्पना कुत्र्यांच्या काही प्रशिक्षकांनी मात्र घट्ट धरून ठेवली आहे. पिल्लाला उताणे पाडून दाबून धरणे किंवा त्याच्या आधी आपण जेवणे या ‘युक्त्यां’चे मूळ त्यात आहे. सोफ्यावर चढणारा कुत्रा घराची सत्ता मागत नसतो. सोफा मऊ असतो, म्हणून तो चढतो.

पहिले चार महिने का निर्णायक?

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या दीर्घ अभ्यासातून (१९६५) पिल्लाच्या वयाचा एक खास काळ पुढे आला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचे होते ते आयुष्यभर सुरक्षित वाटते. या काळात प्रेशर कुकरची शिट्टी, लिफ्ट, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, पळणारी मुले, रिक्षा हे सारे पिल्लाने दुरून, निवांतपणे आणि खाऊ खात पाहायला हवे.

अडचण लसीकरणाची येते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि पुढचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. आपल्याकडे पार्व्होसारखा जीवघेणा आजार सर्रास आढळतो. त्यामुळे ‘लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर नाही’ असे ठरते आणि तोवर ती खिडकी बंद होते. उपाय आहे : पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवणे, गॅलरीतून रस्ता दाखवणे, घरी वेगवेगळ्या माणसांना बोलावणे. इतर कुत्र्यांशी भेट घडवायचीच, तर लसीकरण झालेल्या, ओळखीच्या कुत्र्याशी आणि डॉक्टरांना विचारून.

पिल्लू किती लहान आणायचे हेही महत्त्वाचे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे केंद्राचे २०१७चे श्वानपैदास नियम सांगतात. चावा किती जोरात लागतो हे पिल्लू आई आणि भावंडांशी खेळतानाच शिकते. ‘लहान आणले की लवकर लळा लागतो’ या समजुतीने महिन्याचे पिल्लू आणणारे घर हा धडा हिरावून घेते आणि पुढे चावऱ्या पिल्लाची तक्रार करते.

शी-शू आणि चावणे यावर मार्ग काय?

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला जावे लागते. या तिन्ही वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यायचे आणि काम झाल्यावर तिथेच शाबासकी द्यायची. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरून ठेवू शकत नाही. घरात झालेच तर काही न बोलता पुसून घ्यायचे. त्यात तोंड घासण्याची जुनी पद्धत पिल्लाला एवढेच शिकवते, की माणसांसमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करते.

चावणे हा तीन ते सहा महिन्यांचा विषय. या काळात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात आणि हिरड्या सळसळतात. हाताऐवजी चावायला योग्य खेळणे द्यायचे, दात लागला की खेळ थांबवायचा. दमलेले पिल्लू जास्त चावते हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पिल्लांना दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरणाऱ्या पिल्लाला ती मिळत नाही.

रोजची निगा आणि प्रशिक्षण यांचा काय संबंध?

निगा हाच रोजचा सराव असतो. पंजा हातात घेतला की खाऊ, कान उघडून पाहिला की खाऊ, ओठ वर करून दात पाहिले की खाऊ. असे पिल्लूपणी झाले तर मोठेपणी नखे कापताना चार माणसे लागत नाहीत. पावसाळ्यात तर रोज अंगावरून हात फिरवावाच लागतो. कानांत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली गोचीड दडते आणि तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. हात लावू देणाऱ्या कुत्र्याची गोचीड सापडते, गुरगुरणाऱ्याची राहून जाते.

खाण्यातही तेच. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण त्याची नीट वाढ होत नाही; त्याला अंडे, मांस यांसारखी प्रथिने किंवा संतुलित तयार आहार हवा. कांदा-लसणाची फोडणी त्याच्या तांबड्या पेशींना घातक असते. शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षे मूत्रपिंडावर आघात करू शकतात. चॉकलेट विषारी असते आणि शिजवलेली हाडे तुटून आत टोचतात. माणसांची अंगदुखीची गोळी परस्पर देणे तर टाळावेच. उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा रात्री. डांबरी रस्त्यावर तळहाताची पाठ काही सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे पंजेही टेकू नयेत. चपट्या नाकाच्या पग किंवा दाट केसांच्या हस्कीला विदर्भातला मे महिना म्हणजे शिक्षाच. हौस करण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

हे लाड नव्हेत का? खाऊ संपला की काय?

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अनेक घरांत सकारात्मक प्रशिक्षणाच्या नावाखाली नुसताच खाऊ दिला जातो. कुत्रा भुंकला की गप्प करायला बिस्किट, ताटाजवळ आला की पोळीचा तुकडा. हेही प्रशिक्षणच आहे, फक्त उलटे. भुंकले की मिळते, हे कुत्रा पक्के शिकतो. आधी दाखवून मागून काम करून घेणे ही लाच; काम झाल्यावर मिळते ते बक्षीस. सवय लागली की खाऊ कधी द्यायचा, कधी नाही असे करत कमी करायचा. फिरायला जाणे, चेंडू फेकणे, वास घेऊ देणे हीसुद्धा बक्षिसेच. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो आणि तो जेवणातून वजा करायचा.

या पद्धतीत शिस्त नाही असे नाही. ती आधी माणसांना लावावी लागते, हीच खरी गोची. आई ‘खाली’ म्हणते, बाबा ‘उतर’ म्हणतात, मुलगा हसून मांडीवर घेतो आणि आजी चोरून बिस्किट देते. अशा घरात कुत्रा गोंधळतो आणि हट्टी ठरतो. एक शब्द, एक नियम आणि तो घरातल्या सगळ्यांसाठी. छडी उचलण्यापेक्षा हे पाळणे कितीतरी अवघड आहे.

मर्यादाही मान्य करायला हव्यात. चावा घेणारा किंवा अचानक स्वभाव बदललेला कुत्रा आधी पशुवैद्याला दाखवायला हवा. अनेकदा त्यामागे दुखणे असते. दिवाळीत थरथरणाऱ्या कुत्र्याला फटाक्यांची सवय ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लागत नाही. तयारी आधीपासून हवी, गरज पडल्यास डॉक्टरांच्या औषधासह. प्रशिक्षक निवडताना तर डोळे उघडे ठेवावेत. पशुवैद्यासारखी परिषदेची नोंदणी या व्यवसायाला लागत नाही. ‘आमच्याकडे पंधरा दिवस सोडा, सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न पुरे : चूक झाली की तुम्ही काय करता?

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा मारण्याला गुन्हा ठरवतोच. आखूड किंवा जड साखळीला गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे, हेही त्याच कलम ११मध्ये येते. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. सहा दशकांत वडापावसुद्धा कितीतरी पटींनी महागला, हा दंड तिथेच आहे. दुसरीकडे, कुत्र्यामुळे इतरांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होते. म्हणजे कुत्रा नीट शिकवणे ही केवळ हौस उरत नाही, शेजाऱ्यांप्रति जबाबदारीही होते. सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टमधल्या कुत्र्यावरून पेटणारे अनेक वाद नियमांनी मिटत नाहीत. दार उघडेपर्यंत शांत बसणारा कुत्रा ते मिटवतो.

मग पिल्लू आणण्याआधी काय विचारावे?

जात कोणती, किंमत किती, हे प्रश्न नंतरचे. आधीचा प्रश्न असा, की रोज सकाळ-संध्याकाळचे फिरणे आणि पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन सराव, पुढची दहा-बारा वर्षे, घरातले कोण करणार? उत्तरात नाव येत नसेल तर पिल्लू आणू नये. नाव येत असेल, तर कारवान असो, लॅब्रेडोर असो की गल्लीतून उचललेले गावठी पिल्लू, शिकण्याचा नियम सगळ्यांना सारखाच लागू पडतो. शेपूट वाकडे राहिले तरी काही बिघडत नाही. मालकाला पाहून ते हलते की पायांत जाते, घरातल्या शिस्तीची खरी परीक्षा तिथे होते.